कुणकेश्वर किनारा आणि सुशिक्षित तरुणाचा चरितार्थ : एक ऐतिहासिक विचार

१. विषय व त्याची मर्यादा

देवगडच्या दक्षिणेस समुद्रकाठी वसलेले कुणकेश्वर हे गाव महाराष्ट्राला मुख्यतः तेथील शिवमंदिरामुळे परिचित आहे. कोकणची काशी म्हणून या क्षेत्राचा उल्लेख होतो. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते आणि आसपासच्या गावांतील देवस्वाऱ्या तीर्थस्नानासाठी या पुळणीवर येतात. वादळात सापडलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याने किनाऱ्यावरील दिवा पाहून नवस केला आणि सुखरूप पोहोचल्यावर हे देऊळ बांधले, अशी आख्यायिका या परिसरात सांगितली जाते. आख्यायिकेच्या ऐतिहासिक सत्यतेचा विचार प्रस्तुत निबंधाच्या कक्षेत येत नाही. तथापि या किनाऱ्यावरील लोकांनी आपल्या देवाची कथासुद्धा गलबतांच्या व दूरच्या बंदरांच्या संदर्भातच कल्पिली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या प्रदेशाचा चरितार्थ दीर्घकाळ बाहेरच्या जगाशी बांधलेला होता, आणि त्या बांधणीचा परिणाम आजही येथील पदवीधर तरुणाच्या निर्णयावर होतो.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने कोणता व्यवसाय निवडावा, नोकरी करावी की स्वतंत्र धंदा काढावा, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या अंगाने चर्चिला जातो. विद्यार्थ्याची आवड, त्याची कुवत आणि उपलब्ध भांडवल या तीन बाबींवर त्याची मांडणी होते. कुणकेश्वर परिसरापुरता विचार केल्यास ही मांडणी अपुरी पडते. येथे सुमारे शंभर वर्षे या प्रश्नाचे उत्तर समाजाने आधीच ठरवून ठेवले होते. ते उत्तर का टिकले, का मोडले आणि मोडल्यावर मागे काय ठेवून गेले, हे पाहिल्याशिवाय आजच्या उद्योगसंधींची चर्चा फलदायी होणार नाही.

२. जुनी व्यवस्था : बोट, खोली आणि मनीऑर्डर

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. तत्पूर्वी देवगडचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. या जिल्ह्यातील कातळाची जमीन तेथील लोकांना वर्षभर पुरेल एवढे धान्य देऊ शकत नव्हती. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढील तीन दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. या दोन घटनांचा मेळ बसून कोकणातून मुंबईकडे जाणारा माणसांचा ओघ सुरू झाला. १८८१ च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती व तीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या सव्वा लाखांहून थोडी अधिक होती. म्हणजे शहरातील दर सहा माणसांत एक माणूस या एकाच जिल्ह्यातून आलेला होता.

हे स्थलांतर विस्कळीत नव्हते. देवगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले या बंदरांवरून आगबोट मिळे. मुंबईत उतरणाऱ्या तरुणाला आपल्या गावच्या माणसांनी धरलेल्या खोलीत जागा मिळे. गिरणीत शिरण्यासाठी जॉबरची ओळख लागे आणि ती ओळख गावच्या किंवा जातीच्या माणसामार्फत होई. जेवणाची सोय खानावळीत होई. दरमहा मनीऑर्डर गावी जाई आणि तिच्यावर घरचे धान्य, मुलांची फी, देवाचे कार्य व घराची शाकारणी भागे. गणपतीला व शिमग्याला तो परत येई. अशा माणसाला कोकणात ‘चाकरमानी’ असे नाव पडले. चाकरी हा शब्द अन्यत्र कमीपणाचा असला तरी कोकणात चाकरमानी म्हणजे घराला आधार देणारा, मान असलेला माणूस होय.

आजच्या परिभाषेत बोलायचे तर या व्यवस्थेत व्यवसाय-मार्गदर्शन, नोकरीची शिफारस, प्रशिक्षणकाळातील निवास आणि बेकारीच्या काळातील आधार ही चारही कामे अंतर्भूत होती. तिच्यासाठी ना कार्यालय लागे, ना अर्ज. ती शंभर वर्षे टिकली याचे कारण हेच.

परंतु तिच्या दोन मर्यादा नोंदवणे अवश्य आहे. पहिली मर्यादा अशी की, ओळखीवर चालणारी व्यवस्था ज्याची ओळख मोठी त्यालाच अधिक लाभ देते. लिहिण्यावाचण्याची परंपरा असलेल्या जातींतील मुलगा पेढीवर वा कचेरीत कारकून होई, कुळवाडी घरातील मुलगा गिरणीत किंवा गोदीत जाई, गाबीत तरुण खलाशी होई. कोकणातील महार समाजाला सैन्यातील नोकरी हा एक सन्मानाचा मार्ग होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच परंपरेतले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा एका संपूर्ण समाजाचा उत्कर्षाचा मार्ग एका आज्ञेने खुंटला. ज्याच्यासाठी एकच दार उघडे असते त्याच्या दृष्टीने ते दार बंद होणे म्हणजे काय, हे या उदाहरणावरून कळते.

दुसरी मर्यादा स्त्रियांच्या बाबतीत होती. चाकरमान्याची पत्नी बहुधा गावी राहून शेती व घर सांभाळी. तिच्या श्रमांची मोजदाद कोणत्याही हिशेबात होत नसे. ज्या स्त्रिया मुंबईस गेल्या त्यांतील अनेकींनी गिरणगावात खानावळी चालविल्या. माल उधारीने आणणे, महिन्याच्या पगारापर्यंत वसुलीसाठी थांबणे, गिरणीच्या पाळ्यांनुसार स्वयंपाकाच्या वेळा राखणे, हे सर्व कसबी धंद्याचे काम होते. मात्र त्यांना उद्योजक म्हणण्याची कोणाची तयारी नव्हती आणि कर्जासाठी सावकाराशिवाय दार नव्हते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने या स्त्रियांची संघटना उभी केली, तेव्हा कोठे बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचू लागले. कोकणी माणसात धंद्याची वृत्ती नाही, हे वारंवार केले जाणारे विधान या एका उदाहरणाने संशयास्पद ठरते.

३. शाळा आणि तिचे फळ

धंद्याची वृत्ती होती, पण ती बहुतांशी मुंबईत प्रकट झाली. अनंत शिवाजी देसाई टोपीवाले यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. याच दक्षिण कोकणातून मुंबईस गेलेल्या या गृहस्थांनी टोप्यांच्या व्यापारात नाव मिळविले व राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छापील प्रतींच्या विक्रीतही त्यांचा मोठा भाग होता. त्यांचे नाव आज मालवणच्या टोपीवाला हायस्कुलास आहे. मुंबईतील टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयाचे नावही याच घराण्याच्या देणगीची साक्ष देते.

येथे एक चक्र दिसते. गावचा माणूस मुंबईत धंदा करतो, त्या धंद्याचा पैसा गावी शाळेच्या रूपाने परत येतो, आणि ती शाळा पुढच्या पिढीला मुंबईस जाण्याची पात्रता देते. मुंबईतील ग्रामस्थ मंडळांनी गावोगाव शाळांच्या इमारती उभ्या केल्या, त्यांतही हेच घडले. देणगीदारांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु शाळेने दिलेले ज्ञान गावच्या जमिनीशी, समुद्राशी किंवा बाजाराशी जोडलेले नव्हते. तशी मागणीही कोणी केली नव्हती.

उच्च शिक्षणाची स्थिती याहून निराळी नव्हती. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. रत्नागिरीत महाविद्यालय निघण्यास १९४५ साल उजाडावे लागले. सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत देवगडच्या मॅट्रिक झालेल्या मुलाला पदवीसाठी रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव किंवा मुंबई गाठणे प्राप्त होते. घर सोडल्याशिवाय पदवी मिळत नव्हती, आणि एकदा घर सोडलेला मुलगा पदवी घेऊन परत येण्याचे प्रयोजन उरत नव्हते. पुढे मालवण, वेंगुर्ले, कणकवली, कुडाळ, देवगड येथे महाविद्यालये निघाली व पदवी घराजवळ आली. तरीही पहिल्या काळात त्यांतून मुख्यतः कला व वाणिज्य याच शाखांचे शिक्षण मिळत होते आणि त्यांचा अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाचा होता. जो अभ्यासक्रम फोर्टमधील विद्यार्थ्याला तोच कुणकेश्वरच्या विद्यार्थ्याला, ही समता होती. मात्र नोकऱ्या फोर्टमध्ये होत्या.

४. एक उलट दिशेचा प्रयोग

या प्रवाहाच्या विरुद्ध विचार करणारा एक सुशिक्षित माणूस याच प्रदेशात होऊन गेला. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) हे उच्च शिक्षण घेऊन पुण्यात काही काळ प्राध्यापक होते. गांधीजींच्या प्रभावाने त्यांनी ती नोकरी सोडली व कोकणात येऊन राहिले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याचा हक्क मिळावा म्हणून त्यांनी केलेला अन्नत्याग व त्यास गांधीजींनी दिलेला पाठिंबा प्रसिद्ध आहे. १९४८ मध्ये कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रमाची स्थापना केली. मृत जनावरांचे चामडे कमावणे, मैल्यापासून व शेणापासून खत करणे, स्वस्त व स्वच्छ संडास बांधणे, खादी, गोपालन असे प्रयोग तेथे झाले.

गोपुरीचे महत्त्व असे की, स्थानिक द्रव्यांवर सुशिक्षित माणसाने आपली बुद्धी वापरावी व त्यातून उपजीविका निर्माण करावी, हा विचार तेथे कृतीत उतरला. चामडे वा खत ही गावात फुकट जाणारी संपत्ती होती आणि तिचे मूल्य वाढविण्यास शास्त्र लागत होते. हा मार्ग सर्वसामान्य पदवीधराने स्वीकारला नाही. त्याची कारणे केवळ आर्थिक नव्हती. ज्या कामांवर जातीचा शिक्का होता ती कामे टाळण्यासाठीच अनेकांनी शिक्षण घेतले होते. ज्यांच्यावर ती कामे पिढ्यान्‌पिढ्या लादली गेली होती त्यांना तर ती सोडण्यातच मुक्ती होती. शिवाय गावात प्रतिष्ठा होती ती मनीऑर्डर पाठविणाऱ्याची. व्यवसायाची निवड उत्पन्नावर जितकी अवलंबून असते तितकीच ती मानावर असते, हा धडा गोपुरीच्या इतिहासातून घेता येतो.

५. व्यवस्थेचा खंड : १९८२ व त्यानंतर

नवा जिल्हा निर्माण होऊन साडेआठ महिने झाले असतील तोच, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. संपाच्या काळात असंख्य कामगार कुटुंबासह गावी परतले व पडीक शेतीवर, भावाच्या घरात, आंब्याच्या हंगामी मजुरीवर दिवस काढू लागले.

या घटनेचा विचार बहुधा कामगार चळवळीच्या इतिहासात होतो. कोकणच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे. जॉबर, खोली व पगार ही साखळी तुटली. बापाच्या जागी मुलगा गिरणीत लागेल ही खात्री संपली. १९८२ नंतर पदवी घेणाऱ्या पिढीला प्रथमच असा प्रश्न पडला की, आता कोठे जावे, आणि न गेल्यास येथे काय करावे.

लोकांनी जाणे थांबविले असे मात्र नाही. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची घटली. याच जनगणनेत जिल्ह्यातील साक्षरता ८५ टक्क्यांहून अधिक होती व दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. शिक्षणात पुढे असलेला, पण तरुण पुरुष टिकवून धरू न शकणारा जिल्हा, असे चित्र या तीन आकड्यांतून उभे राहते. जाण्याची रीत उरली, पण तिच्यामागची हमी उरली नाही. पूर्वी गिरणीतील कायम नोकरी होती, आता कंत्राटी काम आहे. पूर्वी गावची खोली होती, आता दूरच्या उपनगरातील भाड्याची जागा आहे.

६. आंबा : संधी कोणाची व किती

गावी राहून करण्याजोगा उद्योग म्हटला की कुणकेश्वर परिसरात प्रथम हापूस आंब्याचे नाव येते. हापूस ही पोर्तुगीज काळात गोव्यात कलमांच्या द्वारे रुजलेली जात होय. देवगडच्या कातळावर सुरुंगाने खड्डे पाडून, त्यांत माती भरून लावलेल्या बागा हे या तालुक्याचे वैशिष्ट्य आहे. समुद्रावरचे वारे, तापणारा कातळ व पाण्याचा चटकन होणारा निचरा यांचा फळाच्या स्वादाशी संबंध जोडला जातो.

बागेचे रूपांतर उद्योगात होण्यास संशोधनाचे साहाय्य झाले. वेंगुर्ले येथे १९५७ मध्ये फळसंशोधन केंद्र सुरू झाले. दापोली येथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. कोय कलमाच्या पद्धतीमुळे थोड्या काळात मोठ्या प्रमाणावर रोपे तयार करता येऊ लागली. नीलम व हापूस यांच्या संकरातून साका न होणारी ‘रत्ना’ ही जात १९८१ मध्ये, व पुढे बारीक कोयीची ‘सिंधू’ ही जात १९९२ मध्ये प्रसारित झाली. फळ देठासह अलगद उतरविणारा ‘नूतन झेला’ विद्यापीठाने तयार केला. एक वर्षाआड येणारा मोहोर दरवर्षी यावा म्हणून कल्टार या संजीवकाचा वापर रूढ झाला. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीच्या कार्यक्रमातून शासनाने लहान शेतकऱ्यांच्या लागवडीचा खर्च उचलला, त्यामुळे पडीक वरकस जमिनीवर आंबा व काजू उभे राहिले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली.

असे असूनही आंब्याची बाग ही तरुण पदवीधराला सहज उपलब्ध असलेली संधी नव्हे. कलम लावल्यापासून फळ येण्यास पाच-सहा वर्षे व भरघोस उत्पन्न येण्यास दहा-बारा वर्षे लागतात. विसाव्या वर्षी पदवी घेणाऱ्याने आज कलम लावले तर त्याचे पूर्ण फळ त्याला तिशी ओलांडल्यावर मिळेल. म्हणून वडिलार्जित बाग असणाऱ्यासच हा धंदा लाभतो. ज्याची बाग नाही त्याच्यासाठी संधी बागेभोवतीच्या कामांत असते : रोपवाटिका, फवारणी, छाटणी, तोड, प्रतवारी, पेटी भरणे, वाहतूक, आणि कॅनिंगला जाणाऱ्या कमी प्रतीच्या फळापासून आमरस, आंबापोळी यांसारखे पदार्थ करणे. या प्रत्येक कामात शिक्षणाचा उपयोग आहे व भांडवल तुलनेने थोडे लागते.

बागायतदाराच्या उत्पन्नाचा खरा प्रश्न झाडाशी नसून बाजाराशी होता. पावसाळ्यात खते, औषधे व मजुरी यांसाठी पैसा लागतो. हा पैसा मुंबईचा दलाल उचल म्हणून देई. हंगामात पेट्या त्याच्याकडेच पाठविण्याचे बंधन त्या उचलीतून येई. भाव काय मिळाला हे माल गेल्यानंतर हिशेबाच्या पट्टीवरून कळे. मुंबईची घाऊक फळबाजारपेठ १९९६ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमधून नवी मुंबईत वाशीस हलली, तरी या व्यवहाराचे स्वरूप बदलले नाही. दलाल हा केवळ शोषक होता असे मानणे एकांगी ठरेल. बँक ज्याला कर्ज देत नसे त्याला तो देत होता व नाशवंत मालाची विक्री एका दिवसात करून दाखवीत होता. परंतु भाव ठरविण्याची सत्ता गावाबाहेर राहिली हे निर्विवाद आहे.

ही सत्ता अंशतः परत आणण्याचे श्रेय सहकारी संस्थेला व नव्या दळणवळणाला जाते. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने थेट विक्रीचा मार्ग धरला. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोकमाला व वेंगुर्ल्याच्या काजूला ते २०१६ मध्येच मिळाले होते. अन्य प्रांतांतील आंबा देवगडच्या नावाने विकला जाण्यास आळा बसावा म्हणून संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर विशिष्ट खुणेचे लेबल लावण्यास सुरुवात केली. २०२० च्या टाळेबंदीत बाजार विस्कळीत झाले तेव्हा बागायतदारांच्या मुलांनी दूरध्वनीवरून मागणी घेऊन मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांत पेट्या पोहोचविल्या. गावच्या घरातील पदवीधर मुलगा वा मुलगी या व्यवहारात उपयोगी पडली ती फळाच्या ज्ञानामुळे नव्हे. पत्रव्यवहार, हिशेब व ग्राहकाशी बोलणे ही कौशल्ये तिने शिक्षणातून मिळविली होती. शंभर वर्षे गावाबाहेर जाण्यासाठी उपयोगी पडलेले शिक्षण येथे गावच्या मालासाठी उपयोगी पडले.

जोखीम मात्र कमी झालेली नाही. मे २०२१ मध्ये ऐन हंगामात आलेल्या तौक्ते वादळाने सिंधुदुर्गच्या बागांची हानी केली. अवकाळी पाऊस, तुडतुडे, फुलकिडे व औषधांचा वाढता खर्च यांमुळे एका पिकावर विसंबणे धोक्याचे झाले आहे.

७. पुळण व पर्यटन

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्याची फळे प्रथम मालवण-तारकर्ली भागात दिसली. तेथे न्याहारी-निवास, नौकाविहार व पाण्याखालील सफरी हे व्यवसाय उभे राहिले. कुणकेश्वरला पूर्वी यात्रेकरू येई, दर्शन घेई व परत जाई. यात्रेच्या दिवसांत दुकाने मांडली जात व उठत. आता तारामुंबरी-मिठमुंबरीच्या पुलाने देवगडपासूनचे अंतर कमी केले आहे व पुळणीच्या ओढीने आलेला प्रवासी मुक्काम करतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी येथे विमानतळ सुरू झाला.

या व्यवसायात स्त्रियांचा वाटा ठळक आहे. घरगुती निवासाची कीर्ती जेवणावर ठरते आणि स्वयंपाक, निगा व हिशेब हे सर्व घरातील स्त्री पाहते. गिरणगावातील खानावळीचे कौशल्य अशा प्रकारे गावी परतले आहे. यावेळी ते स्वतःच्या घरात आहे. किनारा नियंत्रण क्षेत्राचे नियम १९९१ पासून लागू आहेत. त्यांमुळे समुद्राजवळच्या बांधकामास मर्यादा आहेत व त्या पाळणे येथील धंद्याच्याच हिताचे आहे. मासेमारीच्या क्षेत्रात रापणकार व यांत्रिक नौका, विशेषतः पर्ससीन जाळ्यांचे मालक, यांच्यातील संघर्ष दीर्घकाळ चालू आहे. तेथे नव्या तरुणाला भांडवलाइतकीच कायद्याच्या माहितीची गरज भासते.

८. सामाईक सातबारा

वर वर्णिलेल्या प्रत्येक उद्योगाच्या वाटेवर एक समान अडथळा आढळतो. तो म्हणजे जमिनीची सामाईक मालकी. १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट झाली व कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कुळे मालक झाली. हा मोठा सामाजिक बदल होता. परंतु मिळालेली वा वडिलार्जित जमीन पुढील पिढ्यांत विभागली गेली नाही. एका सातबाऱ्यावर अनेक सहधारकांची नावे चढत गेली. त्यांतील निम्मेअधिक मुंबईत, काही परदेशी, काही मयत, अशी स्थिती सर्वत्र दिसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ अन्वये सहमती असल्यास तहसीलदारामार्फत वाटप होऊ शकते. वाद असल्यास दिवाणी न्यायालयात जावे लागते. तेथे लागणारा काळ तरुणाच्या उमेदीच्या वर्षांहून मोठा असू शकतो. तोवर बँक कर्ज देण्यास कचरते, बांधकामास संमतिपत्रे जमत नाहीत, अनुदानाचा अर्ज अडतो.

या अडथळ्यास भाऊबंदकी असे नाव देऊन प्रश्न सोडून देण्याची रीत आहे. इतिहास पाहता ते न्याय्य वाटत नाही. वाटप न करणे हा जुन्या व्यवस्थेचाच एक भाग होता. मुंबईत गेलेल्या भावाचा हक्क गावी अबाधित राहिला म्हणूनच त्याने निःशंकपणे मनीऑर्डर पाठविली. नोकरी गेली, आजार आला, म्हातारपण आले, तर परतण्यास जागा होती. १९८२ मध्ये परतलेल्या कामगारांना ज्या जमिनीने व घराने आसरा दिला ती बहुधा सामाईकच होती. सामाईक सातबारा हा चाकरमान्याचा विमा होता. त्याच विम्याने आज त्याच्या पुतण्याच्या उद्योगाची वाट अडविली आहे. एका पिढीची सुरक्षितता दुसऱ्या पिढीची अडचण झाली. यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही, आणि म्हणूनच केवळ उपदेशाने ती दूर होणारी नाही.

९. महाविद्यालयीन मार्गदर्शनाची दिशा

भारतात सेवायोजन कार्यालये १९४५ पासून सुरू झाली. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा कळविणे मोठ्या आस्थापनांवर बंधनकारक झाले. ज्या तालुक्यात अशी आस्थापनाच थोडी, तेथे नाव नोंदविणे म्हणजे दुसऱ्या गावच्या नोकरीची वाट पाहणे होय. १९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन व संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे अंग मानले. मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाच्या उपक्रमांत विद्यार्थ्यांनी विविध व्यवसायांची माहिती मिळविण्याचा प्रकल्प, उद्योगांची ओळख करून घेणारा प्रकल्प, तसेच खाद्यपदार्थ तयार करून विक्रीचा अनुभव देणारी अन्नपूर्णा योजना यांचा समावेश आहे. १९८८ मध्ये राज्यात महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची स्थापना झाली. कर्ज व अनुदानाच्या योजनाही वेळोवेळी जाहीर झाल्या.

या सर्वांचा हेतू स्तुत्य आहे. तथापि विद्यार्थ्याला व्यवसायांची यादी देणे आणि त्याला त्याच्या परिस्थितीची ओळख करून देणे या भिन्न गोष्टी आहेत. कुणकेश्वरच्या विद्यार्थ्याने व्यवसायाचा शोध घ्यायचा असेल तर त्याच्या अभ्यासात किमान तीन विषय आले पाहिजेत. पहिला, स्वतःच्या कुटुंबाच्या जमिनीचा इतिहास : ती कोणत्या हक्काने आली, सातबाऱ्यावर कोणाची नावे आहेत, वाटपाचा वा दीर्घ मुदतीच्या संमतीचा मार्ग कोणता. दुसरा, एका मालाचा प्रवास : आंब्याची एक पेटी वा कोकमाची एक बाटली झाडापासून ग्राहकाच्या घरी जाईपर्यंत कोणाच्या हाती किती पैसा राहतो. तिसरा, घरातील न मोजलेले काम : आई, काकू, आजी कोणती कौशल्ये बाळगतात आणि त्यांपैकी कोणत्यास बाजारात मोल आहे. हे तिन्ही विषय तालुक्याच्या गावी, तलाठ्याच्या दप्तरात, बागेत व स्वयंपाकघरात अभ्यासता येतात. त्यांसाठी मोठ्या खर्चाची गरज नाही.

१०. निष्कर्ष

एक, कुणकेश्वर परिसरातील सुशिक्षित तरुण दीर्घकाळ बाहेर गेला याचे कारण उद्यमशीलतेचा अभाव हे नसून, बाहेर जाण्याची अत्यंत कार्यक्षम व्यवस्था उपलब्ध असणे हे होते. दोन, १९८२ नंतर ती व्यवस्था मोडली, परंतु तिच्याशी सुसंगत अशी सामाईक मालकीची घडी कायम राहिली. तीन, फलोद्यान, रेल्वे, पर्यटन व भौगोलिक मानांकन यांनी संधी निर्माण केल्या, पण त्यांचा लाभ ज्याच्याकडे जमिनीचा स्पष्ट हक्क व ग्राहकापर्यंतची वाट आहे त्यालाच प्रामुख्याने झाला. ज्यांच्या पूर्वजांकडे जमीनच नव्हती त्यांचा प्रश्न याहूनही बिकट आहे व त्यांच्यासाठी सेवा, प्रक्रिया व विक्री हीच क्षेत्रे मोकळी आहेत.

जाणे किंवा राहणे यांपैकी एकच मार्ग श्रेष्ठ ठरविण्याचे काम इतिहासाचे नव्हे. मुंबईस गेलेल्या पिढ्यांनी या गावांतील शाळा उभ्या केल्या व घरे तारली. मात्र त्या पिढ्यांना जाण्यासाठी जेवढा आधार मिळाला होता, तेवढा आधार राहू इच्छिणाऱ्या तरुणाला आज गावात मिळत नाही. तो उभा करण्यात जवळच्या महाविद्यालयाचा, सहकारी संस्थेचा आणि मुंबईत असलेल्या सहधारक भावाचा, तिघांचाही भाग आहे.